दुसरी चावी

चावी अर्धी आत गेली आणि अडली.

सकाळचे साडेसहा वाजले होते. सुंदराबाई कासार पदर खोचून गाडीच्या दाराशी उभी होती, कारण त्या दिवशी मी तिला रिव्हर्स शिकवणार होते. मी चावी काढली, पदराला पुसली, परत घातली. परत अडली. शेवटी केसातला आकडा काढून चावीच्या खाचेतून फिरवला, तर पिवळट, चिकट असं काहीतरी नखावर आलं. मी बोट तिच्यापुढं धरलं. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "साबन हाय बाई. कापडं धुयाचा."

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, सोमवारच्या बाजाराचं. तिथं बायकांना मोटार शिकवणारी मी एकटीच. वडील गेल्यावर माहेरच्या शेतात माझा जो वाटा निघाला त्यातून मी पांढरी मारुती घेतली, माझ्या नावावर, पुढं-मागं लाल 'एल' लावून. पहिल्या महिन्यात तीन बायका आल्या, दुसऱ्या महिन्यात नऊ. बाजारात बांगड्या भरणारी सुंदराबाई सगळ्यांत हुशार. बायकांच्या हातात हात घालून घालून तिला हाताचा अंदाज असा होता की स्टिअरिंग तिला शिकवावंच लागलं नाही.

गाडीला चाव्या दोन होत्या. दुकानदारानं त्या पुढं केल्या तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे अण्णांनी, हात पसरला आणि आमच्या यांनी एक चावी निमूट त्या हातावर ठेवली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. तेव्हापासून अण्णांच्या मनात आलं की गाडी बाहेर निघायची. कधी पाहुण्याला सोडायला, कधी खताची पोती आणायला, कधी नुसतंच चारचौघांत दिसायला. मी सकाळी बायका गोळा करून शाळेच्या पटांगणात जावं, तर पटांगण रिकामं. बायका परत जायच्या आणि मी चाकांचे माग बघत उभी राहायचे. यांना सांगितलं तर म्हणायचे, "थोरले आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ." हे हायस्कुलात क्लार्क. अक्षर मोत्यासारखं, आणि कणा मात्र देवानं घाईत बसवलेला. माणूस वाईट नव्हे, पण भावापुढं उभं राहायची वेळ आली की यांना हटकून तहान लागायची आणि हे पाणी प्यायला आत जायचे.

असो. तर साबण.

चावीला कुंकू लागलं असतं, गंध लागलं असतं, तर मी समजले असते, कारण दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी, आम्ही गाडी पाथरजाईला दाखवून आणली होती. आमच्याकडची रीतच ती. नवी गाडी वर्षाच्या आत कधीतरी देवीच्या डोंगरावर न्यायची, दोन्ही चाव्या नारळाबरोबर ताटात ठेवायच्या, ताट देवीच्या पायाशी जायचं आणि ते आत असेपर्यंत आपण देवळाला पाच प्रदक्षिणा घालायच्या. गर्दी होती. पायरीखालचा नारळवाला म्हणाला, ताट माझ्याकडे द्या, मी आत पोचवतो, तुम्ही निवांत फिरा. शिवाय नाव-पत्ता लिहून द्या, म्हणजे देवीचा प्रसाद पोस्टानं घरपोच येईल. यांनी खिशातलं पेन काढून पायरीवर बसून पत्ता लिहिला. पाच प्रदक्षिणा झाल्या, ताट परत आलं. अण्णांनी त्यातली एक चावी उचलली आणि गाडी चालवायला बसले. माझ्या गाडीतून मी मागच्या सीटवर बसून घरी आले. बुधवारीही गाडी त्यांच्याच हातात होती. म्हणजे माझी चावी ताटातून निघाली ती थेट त्या गुरुवारी सकाळीच कुलपात गेली.

"देवी साबन लावती व्हय?" सुंदराबाईनं विचारलं. तिनं चेष्टेनं विचारलं खरं, पण मी चावी पदराच्या गाठीत बांधली.

मी तशीच इलाही मेस्त्रींच्या गॅरेजात गेले. इलाहीभाईंनी चावी उजेडात धरली, भिंगातून बघितली आणि हात धुवायचा साबण घेऊन त्यात आपल्या स्कूटरची चावी दाबली. उचलली तर साबणात चावीचा हुबेहूब ठसा.

"वहिनी, यावरनं कुणीबी चावी घासून देतंय," ते म्हणाले. "डॉक्टरांची गाडी गेली, कुलूप शाबूत. तेलवाल्या कोष्ट्यांची गेली, काचसुद्धा फुटली न्हाई. दोघंबी पाथरजाईला जाऊन आलते. माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला."

नवी कुलपं पुण्याहून मागवावी लागणार होती आणि त्याला पंधरा दिवस तरी लागणार होते. तोवर काय, या प्रश्नाचं उत्तर घ्यायला मी चौकीवर गेले. हवालदारांनी चावी हुंगली आणि हसू दाबत विचारलं, तक्रार नेमकी काय लिहू, चावी स्वच्छ झाली म्हणून? आधी गाडी जाऊ द्या, मग या. मी म्हटलं, बरं, येते.

खरा तमाशा घरी झाला. अण्णा ओसरीवर बसले होते आणि बातमी माझ्याआधी पोचली होती. देवीवर आळ घेतेस का, इथून त्यांची सुरुवात झाली. मी सांगितलं की आळ देवीवर नाही, नारळवाल्यावर आहे. त्यांच्या लेखी दोन्ही एकच. मग ते मूळ मुद्द्यावर आले.

"शेडातली पोती हालवतो, मंगळवारी गाडी माझ्या शेडात यील," ते म्हणाले. "लोखंडी दार हाय, कुलूप हाय. किल्ली माझ्याजवळ राहील. बायकास्नी गाडी शिकवायची थेरं आता बास झाली."

"अण्णा, गाडी शेडात गेली तर क्लास बंद पडंल."

"पडू दे की. चोरीला जाण्यापरीस बरं."

मी यांच्याकडे बघितलं. हे पाणी प्यायला आत गेले.

त्या दुपारी मी भाकरी थापताना इतकी रडले की तव्यावर थेंब पडून चरचरायला लागले. मग डोळे पुसले आणि माझा मलाच राग आला. चोर नेणार म्हणून चोराआधी दिरानं न्यायची? दोघांनी नेली तरी मी पायीच ना? गाडी जाईल ती माझ्या हातानं जाईल, नाहीतर जाणार नाही. मंगळवार यायला चार दिवस होते.

शनिवारी दुपारी दारात एक तरुण आला. पांढरा सदरा, कपाळभर कुंकू, काखेत कापडी पिशवी. पाथरजाईचा प्रसाद घेऊन आलोय म्हणाला. पोस्टानं यायचा तो माणसाबरोबर का आला, हे मी विचारलं नाही. बस म्हटलं, चहा ठेवला. तो बसला, पण त्याची नजर माझ्या देवघराकडं नव्हती, खिडकीतून पटांगणात उभ्या गाडीकडं होती. बोलायला गोड. म्हणाला, ताई, माझ्या बहिणीलाबी शिकायचंय, एकदा घेऊन येतो. पण तुमचा खोळंबा नको. क्लास कधी नसतो?

आता तुम्ही म्हणाल, घाबरले असेन. घाबरले होतेच. पण बोलले ते शांतपणे.

"सोमवारी नसतो. बाजार असतो ना. मी दिवसभर बाजारात असते, हे शाळेत. गाडी तिथंच उभी असती पटांगणात. तुम्ही त्याच्याशिवाय कधीबी या."

तो दोन्ही हात जोडून, चहा पिऊन, प्रसादाला नमस्कार करायला लावून गेला. मी पुडी उघडली. चिरमुरे आणि खडीसाखर. त्यानं बाहेरच्याच दुकानातून घेतले असणार, कारण पाथरजाईला खोबरं-गूळ असतो.

रविवारी सकाळी इलाहीभाईंनी पेट्रोलच्या नळीत एक छोटा कॉक बसवला, बाहेरून दिसणार नाही असा. लोक त्याला चोर स्विच म्हणतात, पण हा विजेचा नव्हता. विजेचा असता तर गाडी सुरूच झाली नसती आणि चोर निमूट निघून गेला असता, आणखी कुणाचं तरी कुलूप उघडायला. मला तो निघून जायला नको होता. कॉक बंद केला की कार्बुरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी धावते आणि मग बसते. किती धावते, तेवढं शोधायचं होतं.

पटांगणातून बाहेर पडायला रस्ते दोन. पण सोमवारी मागच्या रस्त्यावर जनावरांचा बाजार भरतो, तिथून सायकलही जात नाही. राहिला पुढचा, बाजारपेठेतला. मी कॉक बंद केला आणि गाडी काढली. ती थेट एसटी स्टँडच्या पुढं जाऊन थांबली. दुसऱ्या वेळी कॉक बंद करून जागीच इंजिन चालू ठेवलं आणि दोनशे आकडे मोजले. गाडी पटांगणाच्या फाटकातच बसली. तिसऱ्या वेळी सव्वाशे मोजले. इलाहीभाई मागून स्कूटरवर येत होते. गाडीनं दोन आचके दिले आणि ती बरोब्बर कासार गल्लीच्या तोंडाशी, सुंदराबाईच्या बांगड्यांच्या दुकानासमोर थांबली. आम्ही परत एकदा करून बघितलं. तिथंच.

"वहिनी, तुमी बाई नसता तर मी तुमाला गॅरेजात ठिवलं असतं," इलाहीभाई म्हणाले.

"बाई हाय म्हणूनच ठेवा," मी म्हटलं. ते हसायला लागले.

सोमवारी सकाळी मी गाडी पटांगणात लावली, कॉक बंद केला, सव्वाशे मोजले आणि इंजिन थांबवलं. यांना सगळं सांगितलं. यांचा चेहरा पांढरा पडला. आपल्याला काय करायचंय, जाऊ दे शेडात, अण्णा म्हणतात ते काही खोटं नाही, असं सुरू झालं. मी पिशव्या उचलल्या आणि बाजाराला निघाले. वाटेत जेवढे भेटतील तेवढ्यांना दिसेल अशी, मुद्दाम हळूहळू.

दुकानात सुंदराबाई एका नव्या नवरीला हिरवा चुडा भरत होती. माझ्या क्लासच्या सात बायका ठरल्याप्रमाणे आसपास होत्या, कुणी भाजीच्या पाट्यांशी, कुणी कापडाच्या पालाखाली. दहा वाजले, अकरा वाजले. माझं लक्ष वांग्यांत नव्हतं. समजा तो आलाच नाही, तर उद्या मंगळवार. समजा आला आणि गाडी थांबलीच नाही, तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साडेअकराला मी देवीला मनात म्हटलं, तुझ्या नावानं चाललंय हे, तुलाच लाज असू दे.

पावणेबाराला पांढरी मारुती बाजारपेठेच्या वळणावर दिसली. गर्दीतून हॉर्न देत, घाईघाईनं. पांढरा सदरा, कपाळभर कुंकू. पाट्या उचला, बाजूला व्हा, असा तो खिडकीतून हात हलवत होता आणि लोक 'एल' बघून बाजूलाही होत होते. कासार गल्लीच्या तोंडाशी गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. मग ती थांबली.

तो चावी फिरवत राहिला. इंजिन घरघरायचं आणि गप्प व्हायचं. मी पिशव्या खाली ठेवल्या, डावीकडचं दार उघडलं आणि शिकवताना बसते तशी त्याच्या शेजारी बसले.

"क्लच दाबा," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि खरोखर क्लच दाबला.

"आता चावी काढून माझ्याकडं द्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा."

त्यानं दार उघडायला बघितलं. पण दाराला सुंदराबाई टेकून उभी होती आणि तिच्यामागं माझ्या सातही बायका. गाडीच्या पुढं भाजीवाल्यांनी आपणहून दोन हातगाड्या आडव्या घातल्या. त्यानं चावी माझ्या हातात दिली आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. त्याच्याइतका आज्ञाधारक विद्यार्थी मला परत मिळाला नाही.

सुंदराबाईनं खिडकीतून हात घालून त्याच्या काखेतली पिशवी ओढली. आत पाच चाव्या निघाल्या. प्रत्येक चावीला देवीचा लाल दोरा आणि दोऱ्यात गुंडाळलेली चिठ्ठी. माझ्या हातातल्या चावीलाही होती. एव्हाना गडबड ऐकून हे शाळेतून पळत आले होते. मी चिठ्ठी सोडवून यांच्या हातात दिली, कारण अक्षर मी ओळखलं होतं. मोत्यासारखं. नाव, गल्ली, गाव, जिल्हा, आणि प्रसाद चुकू नये म्हणून खाली ठळक खूण दिलेली: 'हायस्कूलच्या पटांगणाशेजारी. दारापुढे पांढरी मारुती उभी असते, तेच घर.'

हे ती चिठ्ठी कितीतरी वेळ वाचत राहिले. बाकीच्या पाच चिठ्ठ्याही तशाच होत्या, ज्याच्या त्याच्या अक्षरात. कुणी लिहिलं होतं, गोठ्याच्या आडोशाला गाडी दिसेल. कुणी लिहिलं होतं, दुपारी घरी कुणी नसल्यास प्रसाद शेजारी द्यावा. चोराला शोधाशोध करावीच लागत नव्हती. आम्हीच आपल्या हातानं त्याला घर दाखवत होतो, तेही पायरीवर बसून, भक्तिभावानं.

हवालदार आले. मी म्हटलं, साहेब, आता लिहा तक्रार. त्यांनी मान खाली घालून लिहिली. पुढं तो नारळवाला सापडला, डॉक्टरांची गाडी मिळाली, कोष्ट्यांची मात्र गेली ती गेलीच. गुरव बिचारा यातलं काहीच जाणत नव्हता. त्यानं देवळात पाटी लावली, चाव्या ताटात ठेवू नयेत म्हणून. मी अजून दर वर्षी पाथरजाईला जाते. चावी मुठीत धरून हात जोडते. देवीला दिसायचं ते मुठीतलंही दिसतं.

त्या मंगळवारी अण्णा आले नाहीत. आठवडाभर आले नाहीत. गावात माझं नाव झालं होतं आणि क्लासला नवीन सहा बायका आल्या होत्या. पंधरा दिवसांनी पुण्याहून कुलपं आली. इलाहीभाईंनी ती दारात बसूनच बसवली आणि एका कडीत दोन नव्या कोऱ्या चाव्या माझ्या हातात दिल्या. जुनी आता कशालाच लागत नव्हती. चोराकडची नाही, माझी नाही, अण्णांकडचीही नाही.

अण्णा त्याच संध्याकाळी आले. खुर्चीवर बसले, कुलपांचं कौतुक केलं, माझंही थोडं केलं. धाडसी हो बाई, असं म्हणाले. मग अगदी सहज, पानासाठी पुढं करावा तसा हात पुढं केला.

"आण बघू दुसरी."

मी कडीतून काही सोडवलं नाही. यांच्याकडंही बघितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला यांची गरज वाटली नाही.

"दुसरी द्यायची नाही, अण्णा," मी म्हटलं. "गाडी लागंल तेव्हा सांगा. क्लास नसंल तर मी स्वतः सोडीन."

अण्णांचा हात तसाच पसरलेला राहिला. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही, आणि कळल्यावर चेहरा लालबुंद झाला.

"म्हंजे मला चोराच्या पंगतीला बसीवतीस तू? चोरात आन माझ्यात फरक हाय का न्हाई काही?"

"हाय की," मी म्हटलं. "चोरानं विचारलं होतं, क्लास कधी नसतो म्हणून."

इलाहीभाई पाने-पक्कड गोळा करत होते, ते थांबले. अण्णांनी यांच्याकडं बघितलं, नेहमीसारखं, धाकट्यानं काहीतरी करावं म्हणून. हे उठले. मला वाटलं, लागली तहान. पण हे आत गेले नाहीत. कोपऱ्यातली अण्णांची छत्री उचलून यांनी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "अण्णा, अंधार पडायच्या आत निघा. गाडी सकाळच्या बॅचला लागते."

दुसरी चावी मी पुढच्या वर्षी सुंदराबाईला दिली. संध्याकाळची बॅच ती घ्यायची.